वेताचा पुतळा आणि वधस्तंभ

ख्रिस्ती नियतकालिकाच्या पानावर भयपटाविषयी लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. ती अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. भयपट म्हटला की भुतेखेते, रक्ताचे सडे आणि किंकाळ्या एवढेच डोळ्यांपुढे येते, आणि त्यात आत्म्याच्या पोषणाचे काही सापडेल अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु ज्या चित्रपटाविषयी मला लिहावयाचे आहे त्यात भूत नाही, पिशाच नाही, अंधारी रात्रही फारशी नाही. त्यातील सर्वांत भयंकर प्रसंग भर दिवसाढवळ्या, समुद्रकाठच्या मोकळ्या कड्यावर, गाणी गाणाऱ्या हसतमुख माणसांच्या मेळाव्यात घडतो. आणि त्या प्रसंगाच्या मध्यभागी उभा असतो एक प्रार्थना करणारा ख्रिस्ती मनुष्य.

हा चित्रपट म्हणजे १९७३ साली ब्रिटनमध्ये प्रदर्शित झालेला 'द विकर मॅन'. दिग्दर्शक रॉबिन हार्डी. पटकथा अँथनी शाफर यांची. मी तो अनेक वर्षांपूर्वी, तरुणपणी पाहिला होता. अलीकडे घरातील तरुण मंडळींच्या आग्रहावरून याच नावाची २००६ सालची अमेरिकन आवृत्ती पाहिली. ती पाहून मुले पोट धरधरून हसली. भयपट पाहून हसू का यावे, नव्या चित्रपटात असे काय हरवले, या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. म्हणून मी जुना चित्रपट पुन्हा पाहिला. त्या दुसऱ्या पाहण्यात जे मनाला टोचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. आरंभीच सांगितले पाहिजे की, जुन्या चित्रपटात काही नग्न व कामुक दृश्ये आहेत. तो सहकुटुंब पाहण्याजोगा नाही, आणि तो पाहावाच असा माझा आग्रहही नाही. त्यातील प्रश्न मात्र चित्रपट न पाहताही विचारात घेता येतो.

प्रथम कथा सांगतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे समरआइल नावाचे एक काल्पनिक बेट आहे. सफरचंदांसाठी ते प्रसिद्ध आहे. तेथील रोवन मॉरिसन नावाची मुलगी बेपत्ता झाली आहे, असे निनावी पत्र पोलीस सार्जंट नील हाउई याला मिळते. हाउई हा कडक शिस्तीचा, अविवाहित, निष्ठावंत ख्रिस्ती मनुष्य. चित्रपटाच्या अधिक लांबीच्या आवृत्तीत तो मंडळीपुढे उभा राहून करिंथकरांस पहिल्या पत्रातील प्रभुभोजनाचा शास्त्रपाठ वाचतो आणि स्वतः प्रभुभोजन घेतो. त्याचे लग्न ठरलेले आहे आणि विवाहापर्यंत त्याने स्वतःला शुद्ध राखले आहे. समुद्रविमानातून तो एकटाच बेटावर उतरतो. तेथे त्याला आढळते की, बेटावरील लोकांनी ख्रिस्ती धर्म केव्हाच सोडला आहे. प्रार्थनामंदिर ओस पडले आहे, आणि लोक सूर्याची, भूमीची व फळबागांच्या देवतांची आराधना करीत आहेत. रोवनविषयी विचारले की जो तो खोटे बोलतो. अशी मुलगी नाहीच, असे एक म्हणतो. ती मरण पावली, असे दुसरा म्हणतो. हळूहळू हाउईचा संशय बळावतो: मागील वर्षी बेटावरचे पीक बुडाले, आणि आता मे महिन्याच्या पहिल्या दिवशी रोवनचा नरबळी दिला जाणार आहे.

तिला वाचविण्यासाठी तो वेष पालटून मिरवणुकीत शिरतो. तो वेष असतो विदूषकाचा. मुलगी त्याला सापडते. तिला घेऊन तो पळतो. आणि ती मुलगीच त्याला लोकांच्या स्वाधीन करते. बळी रोवनचा द्यावयाचा नव्हताच. सगळा शोध हा एक सापळा होता. बेटाचा स्वामी लॉर्ड समरआइल त्याला शांतपणे समजावून सांगतो की, आम्हांला हवा होता तो बळी तूच आहेस. तू आपल्या खुशीने आलास. कायद्याचा प्रतिनिधी या नात्याने राजाची सत्ता घेऊन आलास. तू ब्रह्मचारी आहेस. आणि तू मूर्खाच्या वेषात आलास. कड्यावर वेत आणि फांद्या विणून उभारलेला प्रचंड मनुष्याकृती पुतळा असतो. त्याच्या पोकळ उदरात, बळीच्या मुक्या जनावरांच्या सोबतीला हाउईला कोंडतात आणि आग लावतात. अशा पुतळ्यांत जिवंत माणसे जाळण्याची चाल गॉल देशात असल्याचे ज्युलियस सीझरने आपल्या युद्धवृत्तांतात लिहून ठेवले आहे. चित्रपटाची कल्पना तेथूनच आलेली आहे.

एडवर्ड वुडवर्ड यांनी हाउईचे व ख्रिस्तोफर ली यांनी लॉर्ड समरआइलचे काम केले आहे. ड्रॅक्युलाच्या भूमिकांनी जगभर गाजलेले ली हाच आपला सर्वोत्तम चित्रपट असे पुढे आयुष्यभर सांगत. प्रदर्शनाच्या वेळी मात्र वितरकांनी त्यात बरीच काटछाट केली आणि दुसऱ्या एका चित्रपटाचा जोडचित्रपट म्हणून तो लोकांपुढे आणला. त्याची थोरवी लोकांना उशिरा उमगली.

आता नव्या चित्रपटाकडे वळू. नील लाब्यूट दिग्दर्शित या आवृत्तीत निकोलस केज यांनी कॅलिफोर्नियातील एका पोलिसाची, एडवर्ड मेलसची, भूमिका केली आहे. बेट आता अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ आहे. सफरचंदांच्या जागी मध आला आहे, लॉर्डच्या जागी स्त्रियांच्या वसाहतीची प्रमुख आली आहे, आणि पोलिसाला मधमाश्यांच्या डंखाचे वावडे आहे. सापळा तोच, पुतळा तोच, आगही तीच. केजसारखा नामांकित नट, भरपूर पैसा, आधुनिक तंत्र, काहीच कमी नव्हते. तरीही शेवट पाहताना मनात काही हलत नाही. मी कारण शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, नव्या चित्रपटाने जुन्यातील दोन गोष्टी काढून टाकल्या आहेत, आणि त्या दोन्ही आपल्या विश्वासाशी निगडित आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे खुद्द विश्वास. नव्या पोलिसाच्या स्वभावरेखेत ख्रिस्ती श्रद्धेला स्थानच नाही. बेटावरच्या लोकांच्या श्रद्धेसमोर उभी करण्यासाठी त्याच्यापाशी स्वतःची श्रद्धा नाही. आहे ती केवळ भीती आणि चीड. जुन्या चित्रपटात दोन श्रद्धा एकमेकींसमोर उभ्या ठाकतात. नव्यात एक टोळी एका माणसाला फसवून मारते, इतकेच उरते. खून पाहून माणसाचा थरकाप होतो, पण तो टिकत नाही. मरणारा कशासाठी जगत होता हे ठाऊक असल्याखेरीज त्याच्या मरणाचा अर्थ लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. जुन्या हाउईला पत्र येते ते एका अनोळखी मुलीविषयी. ती त्याची कोणीही नव्हे. तिच्यासाठी तो एकटा समुद्र ओलांडतो आणि अपमान सोसतो. नव्या चित्रपटात पत्र धाडणारी ही त्या पोलिसाची पूर्वीची वाग्दत्त वधू, आणि हरवलेली मुलगी ही त्याचीच कन्या. पटकथाकाराला वाटले असावे की, रक्ताचे नाते जोडले म्हणजे प्रेक्षकाचे काळीज अधिक हलेल. घडले ते उलट. आपल्यावर प्रीती करणाऱ्यांवरच आपण प्रीती केली तर त्यात आपली थोरवी ती काय, असे प्रभूने विचारले आहे (लूक ६:३२). वाटेवर पडलेल्या जखमी मनुष्याचे शोमरोन्याशी काही नाते असते, तर त्या दाखल्यात सांगण्याजोगे काय उरले असते? हाउई हा रूक्ष मनुष्य आहे, पण त्या मुलीपुरता तो शेजारी झाला होता. ती थोरवी नव्या चित्रपटाने नकळत पुसून टाकली.

असे असता, जुना चित्रपट म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या गौरवाचे आख्यान आहे असे समजून मी तो पुन्हा पाहावयास बसलो. तरुणपणी मी तो तसाच पाहिला होता. हाउई आपला, बेटावरचे ते परके. हाउई खरा, ते खोटे. आणि शेवटी आपला माणूस मेला म्हणून हळहळ. या वेळी मात्र मला हाउईचा चेहरा नीट दिसला, आणि तो पाहताना मी अस्वस्थ झालो.

कारण बेटावर पाऊल ठेवल्यापासून हाउई सर्वांशी चढ्या आवाजातच बोलतो. तो विचारतो ते उलटतपासणीच्या सुरात. ऐकतो ते दोष काढण्यासाठी. हा ख्रिस्ती देश आहे, त्याचा कायदा माझ्या हाती आहे, ही जाणीव त्याच्या प्रत्येक वाक्यामागे उभी असते. त्याच्या मनात विश्वास आणि अधिकार यांची इतकी सरमिसळ झालेली आहे की, यांपैकी कशाच्या बळावर आपण बोलतो आहोत हे त्याचे त्यालाही कळत नसावे. ओस पडलेल्या प्रार्थनामंदिरात तो मोडक्या खोक्याच्या फळ्यांचा क्रूस करून ठेवतो, तेव्हा त्याच्या निष्ठेने मन भरून येते. पण त्याच बेटावर तो एकाही माणसाला, तुम्ही असे का झालात, हे कळवळ्याने विचारीत नाही.

चित्रपटात शाळेचा एक प्रसंग आहे. रोवनच्या रिकाम्या डेस्कात एक भुंगेरा दोऱ्याने खिळ्याला बांधून ठेवलेला असतो. तो एकाच दिशेने फिरत राहतो. प्रत्येक फेऱ्यागणिक दोरा आखूड होतो, आणि शेवटी तो खिळ्याला घट्ट चिकटतो. शेजारी बसलेली मुलगी हे मोठ्या निरागसपणे समजावून सांगते. हाउई तिच्या क्रूरपणाचा धिक्कार करतो आणि पुढे जातो. तो भुंगेरा म्हणजे आपणच, हे त्याच्या ध्यानात येत नाही. तो कसा फिरेल हे बेटावरच्या लोकांना पक्के ठाऊक आहे, कारण त्यांनी त्याला न्याहाळले आहे. त्याने मात्र त्यांना कधी न्याहाळलेच नाही.

येथे मला अथेन्स नगरातील पौलाची आठवण झाली (प्रेषितांची कृत्ये १७). मूर्तींनी भरलेले ते नगर पाहून पौलाच्या जिवाचा संताप झाला, हे लूकने लपविलेले नाही. परंतु तो नगरात हिंडला, त्यांची पूजास्थाने त्याने लक्षपूर्वक पाहिली, त्यांच्या कवींचे वचन त्याला ठाऊक होते, आणि बोलण्यास आरंभ केला तो त्यांच्या धर्मशीलतेची नोंद घेऊन. पौलाने सत्याला मुरड घातली नाही. पण ज्यांना सत्य सांगावयाचे त्यांच्याकडे त्याने आधी पाहिले. हाउईपाशी पौलाची निष्ठा होती, पौलाचे डोळे नव्हते.

एक खुलासा येथे आवश्यक आहे. त्या बेटावरचा धर्म हा पटकथाकाराने फ्रेझर यांच्या 'द गोल्डन बाउ' या ग्रंथातील आणि इतरत्र मिळालेल्या साहित्यातून रचलेला आहे. आपल्या देशातील आपल्या कोणत्याही शेजाऱ्याच्या धर्माला तो आरसा म्हणून लावणे हा अन्याय होईल. माझा रोख त्यांच्याकडे नाही. तो हाउईच्या नजरेकडे आहे, कारण ती नजर मला ओळखीची आहे. तरुणपणी शेजारच्या एका आजींनी सणाच्या दिवशी दारी आणून दिलेला प्रसाद मी, आम्ही हे खात नाही, असे तुटकपणे बोलून परत केला होता. घ्यावा की न घ्यावा हा विवेकबुद्धीचा प्रश्न. पौलानेही तो तसाच हाताळला आहे, आणि मी घेतला नाही याचा मला खेद नाही. खेद आहे तो त्या स्वराचा. त्या काही न बोलता वाटी पदराआड झाकून परतल्या. पुढे माझी पत्नी रुग्णालयात असताना दोन आठवडे आमच्या मुलांना दोन्ही वेळचे जेवण त्याच घरातून आले. आजींना माझा विश्वास पटला नव्हता असे नाही. तो त्यांना माझ्या तोंडून ऐकूच आला नव्हता. त्यांनी ऐकला होता तो माझा तोरा. आपल्यापाशी हाउईचा पोलिसी अधिकार नाही. या देशात आपण थोडे आहोत. पण अधिकार नसतानाही ती नजर बाळगता येते.

तर मग चित्रपटाने घातलेला खरा प्रश्न कोणता? हाउईचा विश्वास अढळ आहे. बेटावरच्या लोकांचाही अढळ आहे. तो मरताना गातो; तेही गातात. त्याच्या मुखी तेविसावे स्तोत्र आहे. त्यांच्या मुखी ग्रीष्माच्या स्वागताचे तेराव्या शतकातील इंग्रजी गीत. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात, आणि दिग्दर्शक कोणाच्याही बाजूने निवाडा देत नाही. पुतळ्याचे जळते मस्तक कोसळते आणि त्यामागे समुद्रावर मावळणारा सूर्य दिसतो, तेवढेच. आकाशातून कोणी बोलत नाही. पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उरतो: श्रद्धेची दृढता हीच जर कसोटी, तर या दोन श्रद्धांत फरक तो काय?

अनेक समीक्षक येथेच थांबतात आणि म्हणतात की, फरक काहीच नाही. आंधळी श्रद्धा दोन्हीकडे सारखीच. मला ते मान्य नाही. पण उत्तर देताना, आमचे खरे व त्यांचे खोटे, एवढे म्हणून भागत नाही, हेही मी या वेळी शिकलो. मला दिसलेली कसोटी अशी: श्रद्धेची किंमत कोण चुकवितो? हाउई आपल्या श्रद्धेची किंमत स्वतः भरतो. बेटावरचे लोक आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याच्या प्राणांनी भरतात.

लॉर्ड समरआइलचे म्हणणे नीट ऐकले तर त्यात एक जुना आवाज ऐकू येतो. त्याचा आजोबा हा एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ. नव्या जातीची फळझाडे लावून घेण्यासाठी बेटावरच्या मरगळलेल्या लोकांना उठवावे, म्हणून त्याने त्यांचे प्राचीन देव त्यांना परत दिले. म्हणजे हा धर्म जन्मला तो सोयीतून. बापाने तो मनापासून पाळला. नातू तो मोठ्या शिताफीने राबवितो. पीक बुडाले, लोक बिथरले, आता एक माणूस मेला पाहिजे. सर्व लोकांचा नाश होण्यापेक्षा एकाने मरावे हे हिताचे, हा हिशेब कयफाने मांडला होता (योहान ११:५०). कयफाही धर्माच्या आसनावरून बोलत होता, आणि त्याचेही बोलणे व्यवहारी माणसाला पटण्याजोगे होते. हाउई मरणाच्या दारात असताना त्या हिशेबातील चूक दाखवितो: या भूमीत ही फळे टिकणारी नव्हेत, पुढल्या वर्षीही पीक बुडेल, तेव्हा हे लोक तुझाच बळी मागतील. क्षणभर लॉर्डच्या चेहऱ्यावरील हसू मावळते. भीतीवर उभारलेल्या यज्ञाला अखेर नसते. एक बळी पुरत नाही, कारण भीतीला पोट असते पण तृप्ती नसते.

यावर कोणी विचारील: तुमचा धर्म तरी यज्ञावरच उभा नाही काय? एकाने सर्वांसाठी मरावे हेच तुम्ही शिकविता ना? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळणे बरे नव्हे. वरवर पाहता वधस्तंभ आणि वेताचा पुतळा यांत साम्य आहे. दोन्हीकडे निर्दोष मनुष्य, दोन्हीकडे जमाव, दोन्हीकडे लाकूड. परंतु बेटावर माणसे देवाला वश करण्यासाठी दुसऱ्या माणसाला देतात. गुलगुथ्यावर देव माणसांसाठी स्वतःला देतो. तेथे बळी फसवून आणलेला आहे. त्याला, तू खुशीने आलास, असे सांगितले जाते, पण कशासाठी ते त्याला कोणी सांगितलेले नसते. प्रभू मात्र सर्व जाणून यरुशलेमेकडे तोंड वळवितो. आणि इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायाचे सांगणे असे की, तो यज्ञ एकदाच व कायमचा झाला. त्यानंतर दुसरा कोणताही यज्ञ उरला नाही. वधस्तंभाने बळींची रांग संपविली. त्यानंतर जो कोणी देवाच्या नावाने दुसऱ्याचा जीव मागतो, तो वधस्तंभ पुसून टाकतो, मग त्याच्या गळ्यात क्रूस लटकत असला तरी.

हे शेवटचे वाक्य मी दुसऱ्यांसाठी लिहिलेले नाही. हाउईच्या स्वतःच्या देशाचा इतिहास पाहावा. १५६३ साली स्कॉटलंडमध्ये चेटूकविरोधी कायदा झाला. तो १७३६ पर्यंत अंमलात होता. त्या काळात सुमारे अडीच हजार माणसांना, त्यांत बहुसंख्य स्त्रियांना, मृत्युदंड झाला असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बहुधा आधी गळा आवळून मग त्यांना जाळीत. गुरे मेली, मूल आजारी पडले, वादळात जहाज बुडाले की कोणा दुबळ्या म्हातारीवर आळ येई. न्याय करणारे ख्रिस्ती, चौकशी करणारे पाळक ख्रिस्ती, आणि भोवतालचा जमावही ख्रिस्ती. १५५३ साली जिनीव्हात मायकेल सर्व्हिटस याला त्याच्या मतांसाठी जाळण्यात आले. आपल्या गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय स्थापन झाले, आणि मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. तेथेही चिता पेटल्या. वेताचा पुतळा मूर्तिपूजकांनीच उभारला असे नाही. आपणही तो उभारला, आणि तो जळत असताना आपणही स्तोत्रे गाइली. म्हणूनच कसोटी धर्माच्या नावाला लावून चालत नाही. ती कृतीला लावावी लागते.

नरबळीची गोष्ट सोडा. देवाशी सौदा करण्याची ती वृत्ती आपल्या नित्याच्या भक्तीतही डोकावते. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, परदेशाचा परवाना, यांसाठी नवस बोलावा तशी आपण प्रार्थना करतो. आणि मागणे पुरे झाले नाही की, घरातील कोणाच्या पापामुळे हे झाले, याचा शोध घेऊ लागतो. कोणाला तरी दोषी ठरविल्याखेरीज आपल्या भीतीचे समाधान होत नाही. देवासमोर काय घेऊन यावे, होमबली, तेलाच्या नद्या की आपले पहिले मूल, असा प्रश्न मीखा संदेष्ट्याने मांडला, आणि उत्तर दिले ते न्यायाने वागण्याचे, दयेची आवड धरण्याचे व देवासमोर नम्रपणे चालण्याचे (मीखा ६:६-८). त्या उत्तरात पिकाचे आश्वासन नाही.

शेवटी हाउईच्या मरणाकडे यावे लागते. लॉर्ड समरआइल त्याला काहीशा थट्टेने सांगतो की, आम्ही तुला हल्ली दुर्मिळ झालेली गोष्ट देत आहोत, हौतात्म्य. आपण ज्याला रक्तसाक्षी म्हणतो त्याच्यासाठी ग्रीक भाषेतील शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार इतकाच आहे. हाउई साक्षीदार ठरला का? पुतळा प्रथम दिसताच तो भीतीने ओरडतो, धडपडतो. त्याला मी दोष देणार नाही. गेथशेमाने बागेत प्रभूचाही जीव व्याकूळ झाला होता. मग तो पुनरुत्थानावरील व सार्वकालिक जीवनावरील आपला विश्वास पदरी घेतो. परंतु ज्वाळा चढू लागल्यावर तो संदेष्ट्यांच्या भाषेत त्या लोकांवर शापही उच्चारतो. या ठिकाणी मी पुन्हा थबकलो. धोंडमार होत असताना स्तेफन गुडघे टेकून, हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस, असे मागतो (प्रेषितांची कृत्ये ७:६०). स्तेफनाने जे मागितले ते हाउईने मागितले नाही. जाळणाऱ्यांत लहान मुले होती, आदल्या दिवशी शाळेत पाहिलेली. त्यांच्यासाठीही त्याने काही मागितले नाही.

आगीत उभ्या असलेल्या माणसाकडून आरामखुर्चीतल्या मी ही अपेक्षा करावी का? मला तो अधिकार नाही, हे मी जाणतो. मला तर वाटते, देवाने ते अपुरे स्तोत्रही पूर्ण म्हणून स्वीकारले असते. मृत्युछायेच्या दरीतून जाताना मेंढपाळाचे नाव घेणारा मनुष्य परिपूर्ण असावाच लागतो असे नाही. पण त्याचा शाप आणि त्याचे स्तोत्र एकाच मुखातून निघाले, ही गोष्ट चित्रपटकर्त्यांनी लपविली नाही, आणि म्हणूनच तो मनुष्य मला खरा वाटतो. त्याचा विश्वास त्याला शेवटपर्यंत उभे करू शकला. त्याला प्रेम करावयास मात्र वेळ उरला नाही. ते शिकावयाची वेळ आधीची होती: धर्मशाळेच्या दिवाणखान्यात, टपालाच्या दुकानात, शाळेच्या वर्गात, जेव्हा समोरची माणसे केवळ माणसे होती आणि पुतळा अजून दृष्टीआड होता.

नवा चित्रपट पाहून मुले हसली, त्यात त्यांचा दोष नाही. ज्याला काही प्रिय नाही असा मनुष्य जळताना पाहून काय वाटावे हे त्यांना कोणी दाखविलेच नव्हते. जुना चित्रपट पाहून ती गप्प झाली. बऱ्याच वेळाने धाकट्याने विचारले, "त्याने त्यांना माफ केले असते, तर ते थांबले असते का?" मी म्हणालो की, बहुधा नाही, आग लागली होती. मग तो म्हणाला, "पण ती मुलगी पुढे मोठी झाली असेल ना? तिच्या कानात काय राहिले असेल?"

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. स्तेफनाच्या मारेकऱ्यांची वस्त्रे सांभाळीत शौल नावाचा एक तरुण उभा होता, आणि त्याच्या कानात एक प्रार्थना राहिली होती, एवढेच मी त्याला सांगितले. माझ्या शेजारच्या त्या आजी आता हयात नाहीत. त्यांच्या कानात माझा कोणता शब्द राहिला, हे मला ठाऊक आहे. वाचकहो, आपल्या दारी येऊन परत गेलेल्यांच्या कानात आपला कोणता शब्द राहिला आहे, याचा आपण प्रत्येकाने विचार करावा. आणि ज्यांच्याकडे परत जाण्याची वेळ अजून गेलेली नाही, त्यांच्याकडे जाण्याची बुद्धी प्रभू आपणांस देवो.